जावईबापूंची स्वच्छ खोली

माझे जावई घरूनच काम करतात. त्यासाठी त्यांनी घरातली नीट दार लागणारी एकमेव खोली घेतली आणि तिला ऑफिस म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यावर थांबले असते तर कुणाची हरकत नव्हती. पण ती खोली स्वच्छ ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि त्या दिवसापासून घरातली बाकीची माणसं म्हणजे घाण झाली.

लेकीने आत जायचं नाही, कारण तिच्या ओढणीचे धागे सुटतात. मी जायचं नाही, कारण मी अंगाला पावडर लावते. चहा-बिस्किटं दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायची, टकटक करायची आणि मागे सरायचं.

रोज सकाळी आत सगळं साग्रसंगीत चाले. जावई तोंडाला मास्क लावत. मग स्क्रीनला मऊ फडकं, की-बोर्डवर छोटा ब्रश, माउसला कापसाचा बोळा. नंतर बाहेर येऊन मला सांगत, "आई, मशीनला धूळ म्हणजे विष बरं का."

"हो ना. तुम्ही आहात म्हणून वाचलंय बिचारं," मी म्हणे. त्यांना ते कौतुक वाटे.

मग लेकीला काम चालून आलं. एका मोठ्या दवाखान्याच्या चौकशीचे फोन घरूनच घ्यायचे. लग्नाआधी ती असलंच काम करायची. मध्ये सगळं सुटलं, आणि गेली काही वर्षं "तू काय करतेस?" असं कुणी विचारलं की ती विषय बदलायची. आता सोमवारी सकाळी तिची फोनवर परीक्षा होती. मागे कसलाही आवाज आला तर काम गेलं, हे दवाखान्याने आधीच बजावलं होतं. आमच्या बैठकीला दार नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे इमारतीचा पाण्याचा पंप आहे. तो सुरू झाला की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

"अहो, सोमवारी सकाळपुरती खोली द्या," लेक म्हणाली.

"द्यायला काय गं, देईन. पण तुझा एक धागा पंख्यात गेला तर मशीन बसेल. मग माझी नोकरी तू करणार का?"

"तुमची कशाला? मला माझीच मिळतेय ना."

"तसं नाही. शिस्तीचा प्रश्न आहे."

लेक ओढणी झटकून स्वयंपाकघरात गेली.

दोनच दिवसांत जावयांचं मशीन ऐन मीटिंगमध्ये बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा घुं घुं करून बंद. जावई बाहेर आले ते थेट माझ्यासमोर.

"आई, पावडर कुठे बसून लावता तुम्ही?"

"तुमच्या मशीनवर बसून लावते. दुसरीकडे जागाच कुठे उरलीय?"

त्यांनी मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं आणि आम्हा दोघींना दारात उभं केलं. "ते आता उघडतील, तुम्ही डोळ्यांनी बघा. यात बाहेरची धूळ निघाली तर सोमवारचा विषय बंद. नाही निघाली तर खुशाल बस." हे त्यांनी आपणहून म्हटलं. कुणी त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं.

दुरुस्तीवाला घाईत होता, त्याला अजून दोन घरं करायची होती. त्याने डबा उघडला, पंख्यात चिमटा घातला आणि आतून एक जाड तपकिरी लोळा ओढून काढला. उंदराएवढा तरी असेल.

"हे बघा," जावई म्हणाले. "ओढणी."

"लोकर आहे साहेब," दुरुस्तीवाला म्हणाला. आम्ही सगळ्यांनीच खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर जावयांची तपकिरी घोंगडी होती. मीटिंगच्या वेळी वर कडक इस्त्रीचा शर्ट असे आणि खाली गुडघ्यांवर ही.

मग त्याने की-बोर्ड टेबलावर उलटा करून दोनदा आपटला. आधी बिस्किटांचा चुरा पडला. मग दाढीचे केस. आणि मग, टिक टिक आवाज करत, नखं. पांढरी, चंद्रकोरीसारखी, मूठभर नखं.

"वरून ब्रश मारला की सगळं खाली बसतं," दुरुस्तीवाला हत्यारं आवरत म्हणाला. "इथे बरीच माणसं बसतात वाटतं?"

"छे," लेक म्हणाली. "हे एकटेच. दुसऱ्या कुणाला आत यायची परवानगीच नाही."

जावयांनी घसा साफ केला. "मीटिंग लांबते कधीकधी. ऐकता ऐकता हातांना काही काम लागतं."

"लागू द्या की. पण मग माझ्या आईच्या पावडरीवर का आलात?"

जावई नखं गोळा करायला लागले.

सोमवारी लेकीने आत जाऊन दार लावलं. जावई मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात ओट्याशी बसले. त्यांची मीटिंग सुरू झाली आणि पंपही सुरू झाला. ते हातांनी खुणा करत राहिले, समोरची माणसं "ऐकू येत नाही" म्हणत राहिली. शेवटी त्यांनी मोबाइल बंद केला.

"आई, हा पंप रोजच असतो?"

"रोज."

"कधीपासून?"

"तुम्ही त्या खोलीत गेलात त्याच्या आधीपासून."

लेक बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. ती आधी पाणी प्यायली.

"घेतलं त्यांनी," ती म्हणाली. "उद्यापासून. सकाळची पाळी माझी."

"मग मी?" जावयांनी विचारलं.

"सकाळच्या मीटिंगा दुपारी घ्या. तुम्हीच तर ठरवता त्या. आणि खोली मला आज संध्याकाळपर्यंत झाडून-पुसून हवी. मी तुमच्या घोंगडीत बसणार नाही."

जावई खोलीत गेले. बराच वेळ फर्निचर सरकवल्याचे आवाज येत राहिले, मग थांबले. दार किलकिलं झालं. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा.

"आई," त्यांनी हळूच विचारलं, "आपल्या घरात झाडू कुठे असतो?"