दसऱ्याला विसरलेली जाळी

मी जाळी बोलतेय. मासे धरायची नव्हे, लोखंडाची. कामठी रोडवरच्या एका जिनात, यंत्रं फिरवणाऱ्या पट्ट्याच्या पुढ्यात मी उभी असते. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. माझं काम अगदी सोपं आहे. कापूस घालणाऱ्या बायांचा हात, वेणी, पदर त्या पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. एवढी साधी गोष्ट माणसांना कळायला सहा वर्षं लागली, आणि हीच माणसं मला निर्जीव म्हणतात.

माझा जन्म कुणाच्या मायेतून झाला, असं समजू नका. कारखान्यांचा नवा कायदा आला, म्हणून मी आले. एकोणपन्नास साली मालक ईश्वरदास शेठनी इतवारीतल्या ताराचंद लोहाराला सांगितलं, "पट्ट्यापुढे काहीतरी उभं करून दे. सरकारले दिसलं पाहिजे." ताराचंदनं मात्र काम मन लावून केलं. गज मोजून कापले, कडा कानशीनं घासल्या, चार कोपऱ्यांत चार नट बसवले. त्या सगळ्या प्रकरणात आपलं काम नीट करणारा तेवढा एकच माणूस मला भेटला आणि तोही मला हातगाडीवर टाकून निघून गेला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे तीनच भरले. पट्टा जुना होता, चाकावरून सारखा उतरायचा. तो परत चढवायचा तर आधी मला सोडवावं लागायचं. चौथ्या दिवशी मॅनेजर भैयाजी फिटर नानाजीला म्हणाले, "हिच्यापायी अर्धा घंटा वाया जाते. काढून ठेव गा तिकडं मांगं."

मागं म्हणजे चौकीदाराच्या खोलीशेजारी. चौकीदाराची बायको रुख्माबाई मोठी कामसू. तिनं मला भिंतीला टेकवून आत कोंबड्या कोंडल्या. ऊन असलं की मला आडवी टाकून माझ्यावर मिरच्या आणि वड्या वाळवल्या. मी तिला नावं ठेवणार नाही. तिची एकही कोंबडी मांजरानं नेली नाही. जीव सांभाळायचा तर मधे लोखंड उभं करावं लागतं, हे त्या अंगठाबहाद्दर बाईला कळत होतं. मॅट्रिक झालेल्या भैयाजींना कळत नव्हतं.

वर्षातून दोनदा माझी चैन असायची. कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीतला शिपाई आदल्या दिवशी सायकलवरून यायचा आणि सांगायचा, "उद्या साहेब येऊन राहिले." मग एकच धावपळ. कोंबड्या हाकलल्या जायच्या, मला घासूनपुसून आत नेलं जायचं. दुसऱ्या दिवशी साहेब यायचे, कडुनिंबाखालच्या खुर्चीत बसायचे, चहा-चिवडा व्हायचा. मग नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारायचे, "जाळी आहे ना?" "आहे ना साहेब!" साहेब लिहायचे, 'ठीक'. संध्याकाळी मी परत कोंबड्यांत. तपासणी म्हणतात ती हीच. माझ्या कोंबड्या तरी दाणा टिपण्याआधी तो एकदा उलटून पाहायच्या.

आता जे सांगते, ते सांगताना मला माझ्याच लोखंडाची लाज वाटते. त्रेपन्न सालच्या फाल्गुनात तुळजाबाई नावाची बाई पट्ट्याजवळून कापसाची टोपली घेऊन चालली होती. फिरत्या पट्ट्याचा वारा असतो. त्या वाऱ्यानं तिचा पदर उडाला आणि पट्ट्यानं धरला. पदर सोडवायला तिनं हात घातला. उजवा हात कोपरापासून गेला. मी तेव्हा ऐंशी पावलांवर होते. किंकाळी मलाही ऐकू आली. माझ्या आतल्या कोंबड्या फडफडल्या.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. यांनी झोपाही केला नाही. भैयाजी म्हणाले, "पदर खोचाले काय झालं होतं तिले?" झालं, चूक तुळजाबाईची ठरली. मग नारळ फोडला आणि पट्ट्याच्या वर लिंबू-मिरची बांधली. चौकशीला माणूस येणार म्हणून चौथ्या दिवशी मला आत नेलं. जाळी अपघाताच्या वेळी जागेवर होती, असं कागदावर लिहिलं गेलं. माझ्या नावावर एवढं मोठं खोटं! मी तिथं असते तर तो हात गेलाच नसता, एवढा साधा विचारही त्या चौकशी करणाऱ्याला सुचला नाही.

तुळजाबाई घरी बसली. तिच्या जागेवर तिची सून जयवंता कामाला लागली. तोच पट्टा, तीच वाट, तसाच पदर. मी रोज तिला मागच्या फाटकातून आत जाताना पाहायची आणि रोज संध्याकाळी तिचे दोन्ही हात मोजायची. दुसरं काय करणार होते?

पंचावन्न साली दसरा होऊन आठवडा झाला होता. हंगाम नुकता सुरू होत होता. शिपाई सायकलवरून आला आणि म्हणाला, "नवा इन्स्पेक्टर आहे. पहिलीच तपासणी. कवळा आहे, घाबरू नका." मला मिरच्यांखालून ओढून काढलं. घाईत दोनच नट सापडले. दोन नटांवर मला उभं केलं.

नव्या इन्स्पेक्टरचं नाव केशव. उमरेडच्या विणकराचा मुलगा. बूट नवे, वही नवी, मिशी त्याहून नवी. नोकरी कच्ची, सहा महिन्यांच्या बोलीवर. मी मनात म्हटलं, आला आणखी एक 'ठीक' लिहिणारा. खुर्ची मांडलीच होती.

तो खुर्चीत बसला नाही. सरळ आत आला. केसांत, मिशीत कापसाचा भुगा बसला तरी रुमाल काढला नाही. सगळीकडे हिंडून तो माझ्यापुढे येऊन थांबला आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. मला वाटलं, दोन नट नाहीत ते दिसलं असावं. पण त्याला दुसरंच दिसलं होतं.

"भैयाजी," तो म्हणाला, "हिची पूजा काहून नाही झाली?"

तेव्हा कुठे माझंही लक्ष गेलं. दसऱ्याला जिनातल्या प्रत्येक वस्तूची पूजा झाली होती. यंत्रांवर हळदकुंकवाची बोटं होती. वजनकाट्यावर होती, हातोडीवर होती, तेलाच्या डब्यावर होती. खराट्यालासुद्धा झेंडूचं वाळकं फूल लटकत होतं. पट्ट्याच्या चाकावर तर पाची बोटं उमटली होती. माझ्या अंगावर मात्र कुंकवाचा ठिपका नव्हता. त्या दिवशी मी परसात होते ना, मिरच्यांखाली!

भैयाजी हसले. "राहून गेली असंल साहेब. एवढ्या सामानात एखादी वस्तू राहते."

"खराट्याची नाही राहिली," केशव म्हणाला. "आमच्या घरी मागावरचा मोडका धोटा बी दसऱ्याले कुंकवाबिगर राहत नाही. हातातली वस्तू कोणी विसरत नाही, भैयाजी. ही दसऱ्याले इथं नव्हती."

सहा वर्षं सरकारला फसवायची यांची तयारी पक्की होती. शिपायाला चहा, साहेबाला चिवडा, कागदाला सही. पण रोजच्या जगण्यातली साधी रीत यांच्या ध्यानातच आली नाही. मला हसता येत असतं तर मी माझ्या दोन नटांवर गदगदा हलले असते.

भैयाजींचं हसू गेलं. आवाज खाली आला. "हे पाहा साहेब, तुमच्या मोठ्या साहेबानं सहा वर्षं 'ठीक' लिहिलं. तुम्ही पहिल्याच दिवशी त्याईले खोटं पाडून राहिले का? नोकरी कच्ची आहे ना अजून?"

केशवचा चेहरा पडला. ते मी पाहिलं आणि मला त्याचाही राग आला. तो वळून जयवंताकडे गेला. "बाई, ही जाळी रोज असते का?"

जयवंतानं मान वर केली नाही. "मले काहून विचारता? तुम्ही लिहून चालले जासान. उद्या भैयाजी मले काढून टाकन. घरी सासू आहे. तिले एका हातानं भाकर थापता येत नाही."

"काय झालं त्यांच्या हाताले?"

यंत्रं चालूच होती. जयवंतानं फक्त एकदा पट्ट्याकडे पाहिलं आणि पुन्हा टोपलीत हात घातला.

केशव बाहेर गेला आणि खुर्चीत बसला. चहा प्यायला. मी मनात म्हटलं, संपलं. शेवटी खुर्ची ती खुर्चीच. मग त्यानं वही उघडली आणि लिहायला लागला. 'ठीक' लिहायला इतका वेळ लागत नाही. त्यानं पान उलटलं, ते मला दारातून दिसलं. लिहून झाल्यावर त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. जाळी फक्त तपासणीच्या दिवशी बसवतात. याच पट्ट्यावर एका बाईचा हात गेला आहे, त्याची पुन्हा चौकशी व्हावी. जाळी कायमची पक्की होईपर्यंत हा पट्टा बंद. खाली पूर्ण नाव घालून सही.

"चहा पिऊन असं लिहिता?" भैयाजी ओरडले.

"चहाचं बी लिहू का खाली?" केशवनं विचारलं.

मी सहा वर्षांत बरीच माणसं पाहिली आणि बहुतेकांना मनातल्या मनात कोंबड्यांच्या खालचा नंबर दिला. या पोराला मी तो दिला नाही. एवढंच. त्याची आरती ओवाळणार नाही, कारण त्यानं केलं ते त्याचं कामच होतं. आपलं काम करणारा माणूस देवासारखा वाटावा, इतकी बाकीच्यांनी लाज सोडली होती, हे मात्र खरं.

तिसऱ्या दिवशी नानाजीनं मला चारही नटांनी आवळून बसवलं. मोठ्या साहेबांनी केशवला काय बक्षीस दिलं असेल? दोन महिन्यांत त्याची बदली पार जंगलातल्या सिरोंच्याला झाली. चौकशीचा कागदही कुठल्या तरी गठ्ठ्यात गेला, तुळजाबाईला कुणी विचारायला आलं नाही. जायच्या आधी केशव एकदा न सांगता सायकलवर आला, माझ्या गजांमधून बोटं घालून पाहिली, प्रत्येक नट ओढून पाहिला आणि निघून गेला. त्याला कुणी 'बसा' म्हटलं नाही. जयवंतानं तर ओळखही दाखवली नाही.

आता साठ साल आहे. मी तिथंच उभी आहे. माझ्यावर गंज चढतोय, त्याचं मला काही नाही. माझ्यामुळे बायांना टोपली घेऊन चार पावलं वळसा पडतो, म्हणून त्या मला शिव्या देतात. पट्टा उतरला की नानाजी देतो. कौतुकाची अपेक्षा मी केव्हाच सोडली. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या कारखान्यात माझी एखादी बहीण परसात पडली असेल, तर तिच्यावर मिरच्या वाळवू नका.

मागच्या आठवड्याची गोष्ट. जयवंता नवं लुगडं नेसून कामावर आली होती. घाईत जाताना पट्ट्याच्या वाऱ्यानं पदर उडाला, माझ्या नटात अडकला आणि टरकन फाटला. पदराचं टोक पट्ट्यापासून वीतभर अलीकडे लोंबत होतं. तिनं ते ओढून काढलं. "मुर्दाड मेली! पहिल्याच दिवशी फाडलं माह्यं लुगडं! कोण बसवली वं हिले इथं?" बाकीच्या बाया हसल्या.

दुपारच्या सुट्टीत ती माझ्याच पुढ्यात मांडी घालून बसली. सुईदोरा मागून आणला, डाव्या हातानं फाटलेल्या कडा जुळवून धरल्या आणि उजव्या हातानं बारीक टाके घालू लागली. प्रत्येक टाक्याला मला एक शिवी होती. मी सगळ्या ऐकून घेतल्या.