धोटा वाजला की उतरायचं

मित्रांनो, मी एक म्हातारा कावळा आहे. लगेच नाक मुरडू नका. पोपट बोलला की तुम्ही त्याला पेरू देता आणि मी बोललो की चप्पल फेकता, पण आज माझी गोष्ट ऐकूनच घ्या. कावळ्याच्या तोंडून माणसाच्या आत्म्याची गोष्ट ऐकायची म्हणजे तुम्हाला हसू येईल. येऊ दे. ते काम माणसांनीच माझ्या गळ्यात बांधलं आहे, मी काही अर्ज करायला गेलो नव्हतो.

घाटकोपरला स्टेशनच्या पश्चिमेला टेकडी आहे आणि टेकडीवर पत्र्याच्या चाळी एकीच्या डोक्यावर एक अशा चढत गेल्या आहेत. त्यांतल्या एका चाळीपुढच्या भेंडीच्या झाडावर (भाजीची भेंडी नव्हे, मोठं झाड असतं ती) माझा जन्म झाला. आमचं घरटं काड्यांचं कमी आणि तारांचं जास्त होतं. आईने त्यात कुणाच्या तरी चष्म्याची काडीही खोवली होती. त्या घरट्यात माझा एक भाऊ होता. आई आम्हा दोघांना सारखंच भरवायची, किंबहुना त्याला एक घास जास्तच. एके दिवशी त्याने तोंड उघडलं आणि गळ्यातून 'कुहू' निघालं. झालं, आई त्याच्या मागे लागली, शेजारपाजारचे लागले, आणि तो गेला तो परत आलाच नाही. कोकीळ होता म्हणे. आदल्या दिवसापर्यंत तो माझा भाऊच होता ना? मग एका आवाजाने तो दुसराच कुणी कसा झाला? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसला आहे.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी संक्रांतीला पतंगाचा मांजा माझ्या पायात अडकला. जितका ओढावा तितका तो रुतायचा. मी चाळीच्या कठड्यावर उलटा लटकलो होतो आणि खाली मुलं टाळ्या पिटत होती. तेव्हा एका माणसाने मला टॉवेलात गुंडाळलं आणि ब्लेडने एकेक वेढा कापून काढला. मी त्याला दोनदा चावलो. तो म्हणाला, "चाव रे. माका कोण चावला नाय तर दिस जात नाय." त्या माणसाचं नाव गुणाजी. पाय वाचला, पण एक बोट गेलं. मी जरा लंगडतो ते त्यामुळे.

गुणाजी मूळचा मालवणकडचा. मुंबईत येऊन कापड गिरणीत मागावर लागला होता. संपात गिरणी सुटली आणि कापसाची धूळ तेवढी छातीत राहिली. नंतर तो खाली बाजारात एका दुकानाची राखण करायचा. गिरणीतून त्याने एकच वस्तू घरी आणली होती, ती म्हणजे लाकडी धोटा. मागावर आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो ना, तोच. रोज सकाळी तो बाहेर यायचा, धोट्याने कठड्यावर टक टक, टक टक वाजवायचा आणि म्हणायचा, "ये रे पावण्या." कावळा ओरडला की पाहुणा येतो असं सगळे म्हणतात. गुणाजी म्हणायचा, दुसरो कशाक हवो, हाच पावणो. मी उतरायचो आणि भाकरीचा तुकडा त्याच्या हातातून घ्यायचो. आमच्या थव्यात रिवाज आहे की वडीलधाऱ्याआधी कुणी उतरायचं नाही, आणि माझा स्वतःचा रिवाज एकच. धोटा वाजला की उतरायचं, एरवी नाही.

शेजारच्या खोलीत भीमराज राहायचा. तोही त्याच गिरणीतला, गुणाजीच्या बाजूच्या मागावरचा. लहानपणीच त्याने वडिलांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. देव मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही अशी शपथ घेतली होती आणि ती तो डोळ्यांत तेल घालून जपायचा. दोघं कठड्याला टेकून चहा प्यायचे आणि भांडायचे. कशावरून? पाण्यावरून नाही की नळावरून नाही. आत्म्यावरून! भाकरी खाता खाता मी ऐकायचो.

भीमराज म्हणायचा, "आत्मा आत्मा करतोस, दाखव की मला. हे कापड घे. उभा धागा काढ, आडवा काढ. सगळे उसवलेस की कापड नावाचं काय उरतं? माणूस तसाच आहे बाबा. जोडलेलं आहे तोवर आहे."

गुणाजी चहाचा घोट घ्यायचा, खोकायचा आणि म्हणायचा, "कापूस रवता ना रे."

"कापूस राहील, पण तुझा सदरा राहील का?"

"सदऱ्याचा काय करूचा हा? कापूस रवता."

एवढ्यावर गाडी रोज अडायची. दोघंही हटायचे नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू व्हायचे. गुणाजीची बायको शेवंती आतून म्हणायची, "आत्म्याचा मग बघा, आधी रॉकेलच्या लायनीत जावा." मला विचाराल तर दोघांचंही मला पटायचं. मी ज्याच्या हातात भाकरी असेल त्याच्या बाजूचा.

माझी उमेदीची वर्षं अशी गेली. वर्षभर लोक मला हुसकावतात. पितृपक्ष आला की तेच लोक पत्र्यावर खीर-वडे ठेवून 'काव काव' करून माझी मनधरणी करतात. मला त्यात कधी अभिमान वाटला नाही. अमुक म्हाताऱ्याचा आत्मा तुझ्यात आलाय म्हणतात. आला असता तर निदान पंखांना वजन तरी जाणवलं असतं.

एका सकाळी घरात पीठ कमी होतं. गुणाजी भाकरी घेऊन बाहेर आला तेव्हा शेवंती त्याच्या मागोमाग आली. "माणसांका पुरत नाय नि ह्या कावळ्याक भाकरी कसली घालतास?" ती काही वाईट बाई नाही. पोटाची आग तसं बोलायला लावते. तुकडा परत टोपलीत ठेवून गुणाजी आत गेला. त्या दिवशी धोटा वाजला नाही. संध्याकाळी खोकल्याची मोठी उबळ आली आणि गुणाजी गेला.

मी दुसऱ्या दिवशी कठड्यासमोर बसलो. तिसऱ्या दिवशीही. दारात माणसं होती, रडणं होतं, पण टकटक नव्हती. गुणाजीचा थोरला भाऊ धोंडू गावाहून आला होता. गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवू नयेत म्हणून त्याने गुणाजीचे कपडे, चप्पल आणि तो धोटा एका गाठोड्यात बांधून टाकला. त्याचंही काही चुकलं नाही. रीत आहे तशी. पण मला कुणी सांगितलं नाही हो.

दहाव्या दिवशी टेकडीखालच्या देवळामागे दगडी ओट्यावर सगळे जमले. पळसाच्या पानावर भाताचा पिंड ठेवला आणि माणसं मागे सरून उभी राहिली. मी समोरच्या पिंपळावर होतो. माझ्यामागे अख्खा थवा होता आणि माझ्याआधी कुणी हलणार नव्हतं. मी माणसांमध्ये गुणाजीला शोधत होतो. सगळे ओळखीचे चेहरे होते, तोच नव्हता.

मित्रांनो, तुम्हाला ठाऊक असेलच. कावळा पिंडाला शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहून गेली असं मानतात. मग एकेक जण पुढे येऊन शब्द देतो. धोंडू हात जोडून म्हणाला, "गुणाजी, गावच्या घरात तुझो वाटो तसोच रवात. शेवंतीक मी अंतर देवचंय नाय." मी हललो नाही. कुणी म्हणालं, गणपतीला गावी जायचं राहिलं असेल. शब्द दिला. मी हललो नाही. ऊन चढत गेलं. गुरुजी म्हणाले, "अजून काही असेल तर आठवा." तेव्हा शेवंती पुढे आली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "माजा चुकला. माज्यावर राग धरून जाव नका. रोज घालीन मी पावण्याक भाकरी."

मी फांदीवर एक पाऊल पुढे सरकलो. पण मी उतरणार कसा? धोटा कुठे वाजला होता?

शेवटी गुरुजींनी हळूच दर्भाची काडी उचलली. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. शास्त्राला ते चालतं, पण शेवंतीला कसं चालणार? नवरा आपल्यावर रुसून गेला, ही गाठ जन्मभर तिच्या उरात राहणार होती.

भीमराज कुंपणाच्या बाहेर उभा होता. शपथेमुळे आत येत नव्हता आणि मित्रामुळे घरी जात नव्हता. तिथूनच त्याने विचारलं, "धोंडूदादा, तो धोटा कुठे आहे?"

"गाठोड्यात. आता पाण्यात सोडूचो आसा."

"जरा द्या इकडे."

धोंडूने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान हलवली. गाठोडं सुटलं आणि धोटा भीमराजच्या हातात गेला. त्याने तो क्षणभर नुसताच धरला. मग कुंपणाच्या भिंतीवर वाजवला. टक टक, टक टक.

"ये रे पावण्या," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

मित्रांनो, मी उतरलो. मला दुसरं काही येतच नाही. भिंतीवर बसलो तर भीमराजच्या हातात भाकरी नव्हती. त्याने पिंडाकडे बोटही केलं नाही. पण मी शेवंतीचा चेहरा पाहिला, मग पानावरचा भात पाहिला आणि लंगडत ओट्यावर गेलो. घास घेतला. माझ्यामागे सगळा थवा उतरला. गुणाजीची इच्छा राहिली म्हणून सगळे शोधत होते. राहिली होती ती माझी.

बाकीचे घरी निघाल्यावर शेवंती कुंपणापाशी आली. भीमराज सरळ माणूस, तो म्हणाला, "वहिनी, खोटं सांगणार नाही. कावळ्याला आवाज ओळखीचा होता, म्हणून आला. आत्मा वगैरे काही नाही त्यात."

शेवंतीने डोळे पुसले. "आवाज कोणाचो, भाऊजी?"

भीमराज हातातल्या धोट्याकडे बघत राहिला. "गुणाजीचा," तो म्हणाला. ती त्याच्याकडून धोटा घेऊन चढण चढायला लागली.

तेव्हापासून रोज सकाळी कठड्यावर टकटक होते. आता वाजवते शेवंती. भीमराज चहा घेऊन बाहेर येतो आणि सवयीने म्हणतो, सगळे धागे उसवले की काय उरतं? शेवंती मला तुकडा देता देता म्हणते, "कापूस रवता." मग भीमराज चहाचा घोट घेतो.

आता माझं वय झालं आहे. पंख दुखतात. माझ्या शेजारी हल्ली एक तरणा कावळा येऊन बसतो आणि टकटक झाली की मान वाकडी करून ऐकतो. एक दिवस मी नसेन आणि तो उतरेल. त्याची सगळी बोटं शाबूत आहेत, तो लंगडणार नाही, शेवंतीला ते लगेच दिसेल. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या चाळीत राहत असाल तर तिला माझा एवढा निरोप द्या. त्याला हुसकावू नकोस म्हणावं. हा तोच का, असंही विचारू नकोस. धोटा वाजव, भाकरी पुढे कर आणि त्यालाही पावण्याच म्हण.

आणि तुमच्यासाठी एक सांगतो. माणसाची इच्छा दहाव्या दिवशी कावळ्याला विचारू नका. आम्हाला काही ठाऊक नसतं हो. तो चहा पीत कठड्याला टेकलेला असतो ना, तेव्हाच त्याला विचारा.