सप्टेंबरला नावं ठेवता येईनात

फ्रिजवरचं चुंबक टपकन फरशीवर पडलं आणि जेवणानंतरची शांतता मोडली. त्यासोबत घसरलेलं कॅलेंडर माझ्या नवऱ्याने, फाल्कने, उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"चढाईसाठी डोंगरात घ्यायच्या खोलीचं संध्याकाळपर्यंत कळवायचंय. महिना सांग."

"एप्रिल नको," मी म्हणाले. "तेव्हा वितळलेल्या बर्फाने आपला वालुकाश्माचा खडक आतून ओला असतो. वरून वाळलेला दिसतो आणि धरलेला कंगोरा तुटून हातात येतो."

"मग मे?"

"ससाण्यांची पिल्लं घरट्यात असतात. अर्धे सुळके चढायला बंद."

"जुलै?"

"विजा."

"सप्टेंबर. कोरडा, गार, आभाळ स्वच्छ."

सप्टेंबरला काय नावं ठेवावीत, मला सुचेना. "दिवस लहान होतात," मी म्हणाले.

फाल्क हसला. "बाई गं, तुझ्या वर्षात चढायला महिनाच नाही. आधी मलाच फरफटत न्यायचीस."

खरंच न्यायचे. आमच्याकडे खडकात लोखंड अडकवत नाहीत, गाठी मारलेले दोरीचे तुकडे फटीत बसवतात. त्या गाठींवर मी निर्धास्त लोंबकळलेय. तिल्दा झाल्यापासून मात्र डोळे मिटले की त्याच गाठी सुटताना दिसतात. या वेळी पुढे, जिथे पडण्याचा धोका जास्त तिथे, फाल्क चढणार होता.

मी पेन्सिलने सप्टेंबरभोवती गोल काढला. तो जरा वाकडाच आला.

चार वर्षांची तिल्दा मघापासून टेबलाशी उभी राहून ऐकत होती. ती माझ्या मांडीवर चढली, कॅलेंडरची पानं उलटून पाहिली आणि म्हणाली, "आई, कुठल्या महिन्यात कुणीच पडत नाही?"