दिवेलागणीपर्यंत

काळे पट्टे. मोबाइलच्या काचेवर खालून वर सरकणारे, बोटभर रुंद, एकामागून एक – आणि मोबाइलवरून नजर काढली की ट्यूब आपली स्वच्छ पांढरी, शांत, देवळातल्या फरशीसारखी. मथुराने पुन्हा काचेत पाहिलं. पट्टे होतेच.

"दिसलं ना काकू?" दुकानदार योगेश मोबाइल ट्यूबसमोर धरूनच बोलत होता. "ही लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. स्वयंपाकघरात लावा, काही बिघडत नाही. पण काकांची ती गोल करवत आहे ना, तिथे नको. अशा उजेडात फिरतं पातं थांबल्यासारखं दिसतं. ही दुसरी बघा, एक पट्टा नाही."

तिने मान हलवली. मान हलवण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. चातुर्मासात सकाळच्या आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तिचं मौन, आणि ते बिबवेवाडीतल्या त्या गल्लीला पाठ होतं. किती शांत बाई, असं म्हणायचे लोक. व्रत नसतानाही कधी आवाज चढत नाही… चढवून ऐकायला कोण होतं, डाव्या कानाने तर तिला स्वतःलाही ऐकू यायचं नाही.

तिचा नवरा बद्रीनाथ बाहेर फोनवर कुणाला तरी देव्हाऱ्याच्या कळसाची उंची समजावत होता. निवृत्तीनंतर त्याने गाडी विकली आणि रिकाम्या गॅरेजात सागवानी देव्हारे करायला घेतले. आसपासचे कितीतरी देव त्याच्या हातच्या कमानीखाली बसले होते. त्याच हातच्या.

"झालं का? की इथंच मुक्काम?" तो आत आला.

"काका, मी काकूंना हेच सांगत होतो, करवतीवर ही ट्यूब –"

"योगेशशेठ, तुम्ही दिवे विका. करवत मी चालवतो."

"चालवा की. दहा बोटं आहेत, हौस आहे."

बद्रीनाथ हसला नाही. दोन्ही ट्यूबांकडे त्याने डोळे बारीक करून पाहिलं. "मोतीबिंदूला दोन्ही सारख्याच. ए, तुला दिसतं ना? बोट दाखव. तेवढं चालतं ना तुझ्या देवाला?"

बोट. तिने ते पदराखालून काढलं आणि ते काढता काढताच गॅरेज आठवलं, हिवाळ्यातली ती दुपार, त्याचा हात पात्याच्या फार जवळ सरकलेला आणि ती दारातून ओरडलेली – अहो, हात! – तो दचकला, सागाची फळी उभी चिरफाळली, आणि मग त्याने मशीन बंद केलं नाही. हेच तिला पुढे कितीदा तरी आठवत राहिलं, की त्याने करवत तशीच चालू ठेवली, लाकूड नसताना, म्हणजे शेजारी निशाच्या घरात नुसती करवत ऐकू जावी, आणि त्या चिरफाळलेल्या फळीचा तुकडा उचलला. कानाच्या मागे. मग पाठीवर. मग ती भुशात पडली आणि भुसा गालाला चिकटला, गरम, ओला, सागाचा वास येणारा… मी मशीनवर असताना तोंड उघडायचं नाही. कळलं? तिला कळलं होतं. त्यानंतरही करवत कधीकधी लाकडाशिवाय चालायची.

तिचं बोट पहिल्या ट्यूबकडे गेलं.

"काकू, ती नव्हे," योगेश म्हणाला. "ही, इकडची."

बोट तिथेच होतं.

"अहो काका, हीच ती –"

"बांधा," बद्रीनाथ म्हणाला. "घरच्या लक्ष्मीने दाखवलीय."

दुपारी तिने उपासाला लाल भोपळा चिरायला घेतला. गॅरेजात तो शिडीवर चढून ट्यूब बसवत होता, स्क्रू पडल्याचा आवाज, शिवी, पुन्हा शांतता. सुरी सालीत रुतली की थोडा जोर द्यावा लागतो, मग एकदम आत जाते. पोवळ्याची अंगठी त्याच्या उजव्या अनामिकेत होती. ते बोट भुशात पडलं तर अंगठी आधी शोधावी लागेल. ती धुऊन, दुधात बुडवून, देवापुढे ठेवावी लागेल… आणि बोट? बोट वाटीत. फडक्यात. ती हे सगळं इतक्या बारकाईने पाहत होती, वाटी कुठली, फडकं कुठलं, की फोडी संपल्याचं तिला कळलंच नाही आणि सुरी रिकाम्या पाटावर आपटत राहिली.

मी नुसतं बोट दाखवलं, ती मनात म्हणाली. विचारलं तेव्हा दाखवलं.

चारच्या चहाला ती गॅरेजच्या दारात उभी राहिली. उजेड छान पडला होता, लाकडाची शीर न् शीर दिसत होती. त्याने फळी पलीकडे काढली, बटण बंद केलं आणि नेहमीप्रमाणे वाकून पात्याकडे बघत थांबला. त्याची पद्धतच ती: दात सुटे दिसले की पातं थांबलं, मग उघड्या हाताने वरचा भुसा झाडायचा. दात दिसले. एकेक, चकचकीत, अगदी स्थिर. आणि त्यांच्या शेजारी भुशाचे कण अजून उडत होते.

हात निघाला. तिच्या हातातली कपबशी किणकिणली.

"दे," तो वळून म्हणाला, आणि तोच हात कपाकडे आला. चहा घेतला. "बरा आहे उजेड. तुला अक्कल आहे म्हणायची."

आता साडेसहा झाले होते. ती स्वयंपाकघरात देव्हाऱ्यापुढे बसली होती; देव्हारा त्याचाच, पहिला केलेला, एक खांब किंचित तिरका. समईत तेल घातलेलं. वात भिजलेली. गॅरेजातून करवत लाकडात शिरल्याचा जड, घोगरा आवाज येत होता आणि तिच्या उजव्या कानाला तो नीट कळत होता – लाकूड आहे, अजून आहे, संपत आलं. दिवा लावला की मौन सुटतं. दिवा लावेपर्यंत ती बांधलेली होती, बांधलेल्या माणसाकडून देव तरी काय मागणार… हा विचार तिने दिवसभर तोंडात खडीसाखरेसारखा धरला होता. विरघळू न देता.

तिने काडी ओढली. वात पेटली. देवाचं नाव घेतलं आणि स्वतःच दचकली, इतका तो आवाज स्वच्छ निघाला, घरभर जाईल असा, गॅरेजपर्यंत सहज.

टक्. बटण बंद झालं.

करवतीचा सूर उतरायला लागला, वरून खाली, लांबत, बारीक होत. तो आता वाकला असेल. दात दिसले असतील. अहो, थांबा – एवढंच. शब्द जिभेवर आला, ओला, तयार, आणि तिथेच बसला. कानामागची जुनी जागा ठणकली. समई शांत जळत होती. व्रत सुटलं होतं. आता गप्प होते ती मी होते, एकटी मी, आणि सूर अजून उतरत होता.