मोठ्या विवराची घसरगुंडी

सकाळी नऊ वाजता मी मोठ्या कृष्णविवराच्या घसरगुंडीवर बसले, खालच्या काळ्या गोल कड्यातून सुसाट बाहेर पडले आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळले. गुडघा राहिला बाजूला, आधी बाबांच्या नावाने शंख केला.

"बाबा! ही एवढी उभी का?"

"मग? मोठं भोक, मोठी ओढ," बाबा छाती फुगवून म्हणाले. "तू चित्रात उलटं काढलं होतंस. मी दुरुस्त केलं."

दुरुस्त केलं म्हणे! कपाळावर हात मारून घेतला मी. विज्ञान संग्रहालयातलं हे काम मी भांडून बाबांना मिळवून दिलं होतं. सुतारकामाचं दुकान बंद केल्यापासून दोन वर्षं ते घरातली धडधाकट कपाटं दुरुस्त करत बसले होते आणि आई पार कावली होती. दहाला प्रोफेसरबाई तपासायला येणार. लहान आणि मोठ्या विवराच्या या दोन घसरगुंड्या पसंत पडल्या तर अख्ख्या दालनाचं काम बाबांचं, नाहीतर पुन्हा आमची कपाटं.

"अहो, विवर दुप्पट जड झालं की काठही मध्यापासून दुप्पट लांब जातो. आणि लांब गेलं की ओढ भराभर घटते, दुप्पट अंतरावर चौथाई. त्यामुळे दुप्पट जड असूनही मोठ्याच्या काठावर ती निम्मीच उरते! लहान विवरच खरं खतरनाक."

"काहीतरीच!"

"आत्या आठवा. थोरली एवढी अवाढव्य, पण तिच्या दारातून कधी आत गेलो ते कळत नाही. आणि धाकटी? मूठभर जीव, पण उंबऱ्यावरच गचांडी धरून आत ओढते."

बाबा असे खो खो हसले की हातातला पेचकस पडला. "असं सांग ना मग!"

"पण आता तासाभरात उतार कसे बदलणार?" मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"उतार कशाला? खालची गोल कडी अदलाबदल करू. मोठं कडं सौम्य उताराला, लहान या उभ्याला."

बाबा जन्मात खिळा मारत नाहीत, सगळीकडे स्क्रू. दुप्पट वेळ लागतो म्हणून आम्ही सगळे त्यांना चिडवायचो. त्या दिवशी मी निमूटपणे स्क्रू काढत होते. हत्ती जाईल एवढं मोठं कडं आम्ही दोघांनी उचललं, मधेच हसू फुटलं आणि दोघंही त्याच्यात बसकण मारून बसलो. दहाला दोन मिनिटं असताना शेवटचा स्क्रू बसला.

प्रोफेसरबाई आल्या. चेहऱ्यावर हसू नाही, हातात फाइल. लहान विवरात त्या "आई गं!" म्हणून ओरडत गेल्या, अंबाडा सुटला. मोठ्यात अलगद घसरल्या आणि खाली तशाच बसून राहिल्या.

"काठ कधी ओलांडला, कळलंच नाही," त्या म्हणाल्या. मी पुन्हा पेचकस उचलला. "अगदी असंच हवं होतं!"

मग त्यांना तळाशी स्क्रूची जुनी भोकं दिसली. "ही कसली?"

मी छताकडे बघायला लागले.

"माझी चूक, बाई," बाबा म्हणाले. "उलटं बसवलं होतं. स्क्रू होते म्हणून सुधारता आलं."

बाईंनी फाइल मिटली. "दालनात अजून सहा वस्तू करायच्या आहेत. सगळीकडे स्क्रूच वापरा. आमचं शास्त्रसुद्धा अधूनमधून खोलून पुन्हा बसवावं लागतं."

मी बाबांकडे वळले, तर जागेवर कुठे होते ते! कानावर पेन्सिल खोचून लहान विवराच्या शिडीवर चढत होते.

"आलो गं धाकटे!" ते वरून ओरडले आणि सुटले.