बारावे पाय

दीप्तीला या सगळ्यातून मिळणार होतं ते थोडक्यात असं: जबलपूरच्या युवा संमेलनाची एकुलती एक सीट, तीन दिवस आईच्या नजरेबाहेर, आणि हजार पोरांसमोर माईक. सतराव्या वर्षी एवढ्यासाठी माणूस संतही व्हायला तयार होतो.

बालाघाटच्या चर्चमध्ये फादर सायमननी युवा गटाच्या खोलीत भिंतीवर कागदाचं झाड चिकटवलं होतं. त्याला तीन फांद्या: येशूशी मैत्री, चर्चच्या कामात हात, आणि माणूस म्हणून वाढणं. काम केलं की त्या फांदीवर आपल्या नावाचं पान. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारपर्यंत ज्याची पानं जास्त, तो जबलपूरला. पहिल्या दोन फांद्या पोरांनी अशा लादल्या, की कागद वाकला. तिसरी उघडीच राहिली. माणूस म्हणून वाढल्याचा पुरावा काय दाखवायचा, हे कोणालाच सुचेना.

गुरुवारी दुपारी दीप्ती आणि गटातला पवन बरोबरीत होते. उरलं होतं एकच पान, संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधला पहिला पाठ वाचण्याचं, आणि तो पाठ दीप्तीच वाचणार होती. म्हणजे सीट पक्की. तेवढ्यात निरोप आला, शालिकरामला ताप आहे. येशूनं शिष्यांचे धुतले तसे फादर त्या संध्याकाळी ज्या बारा जणांचे पाय धुणार, त्यांतला तो बारावा. बारा खुर्च्या भरायचं काम दीप्तीचं, आणि त्या कामाचं पान तिनं आधीच लावून घेतलेलं! खुर्ची रिकामी राहिली तर पान उतरणार.

ती चर्चमागच्या खोल्यांकडे धावली. तिथे पुनाराम राहायचा. उकव्याच्या खाणीत तीस वर्षं मँगनीज फोडून आलेला, एकटा जीव.

"बाबा, चला. फादर पाय धुणार हायेत."

"मी नाही येत, बाई."

"काहून?"

म्हाताऱ्यानं पायावरची चादर सारली. "पाह्य. असे पाय घेऊन येऊ?"

आता बालाघाटची रीत अशी, की ज्याचे पाय फादर धुणार, तो घरून टाचा घासून, तेल लावून येतो. फादर दरवर्षी चोवीस स्वच्छ पाय धुतात आणि सगळे धन्य होतात. पुनारामचे पाय मात्र तव्याच्या बुडासारखे होते. दीप्तीनं मोबाइलमध्ये वेळ पाहिली. पाऊण तास होता. ती शेजारच्या रुख्माबाईकडे गेली आणि टब नि टाचा घासायची वजरी मागितली.

रुख्माबाईच्या दारावर निळा झेंडा. ती हसतच सुटली. "पाय धुवाले न्यायच्या आधी पाय धुवून राह्यली? तुमचं गणित लय अवघड हाय, पोरी!" पण वजरी दिली, पाणीही तापवून दिलं.

पहिलं पाणी शाईसारखं निघालं. दुसरं तसंच. दीप्ती भांडी घासावी तशी घासत होती, एक डोळा घड्याळावर. पाचवं पाणी निवळ आलं, तरी टाचेच्या भेगांत बारीक काळ्या रेघा तशाच.

"राहू दे," पुनाराम म्हणाला. "ते नाही निघत. ते आतून हाय."

दीप्तीचा हात थांबला. तिनं टाच उजेडात धरली. दगडाच्या पोटात शिरा जाव्यात तशा त्या रेघा आत आत गेल्या होत्या. हा मळ नव्हताच. या माणसानं तीस वर्षं डोंगर फोडला, आणि डोंगर त्याच्यात थोडा राहून गेला होता. तिच्या ओंजळीत एक टाच होती, आणि तिला ती पेलवेना.

चर्चची घंटा झाली. आता निघाली असती तर पाठ सापडला असता. तिला ते नीट कळलं. तिनं ओढणी काढली आणि म्हाताऱ्याच्या बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसल्या, सावकाश.

ती पुनारामला धरून चर्चमध्ये शिरली तेव्हा पाठ पवननं वाचून टाकला होता आणि फादर अकरावे पाय पुसत होते. म्हातारा बाराव्या खुर्चीत बसला. फादर गुडघ्यावर आले, तांब्या उचलला, आणि पाय पाहून थबकले. टाचा घासून घासून लाल झाल्या होत्या.

"हे कोणी धुतले?"

पुनारामनं नुसतं दीप्तीकडे पाहिलं. फादरनी तांब्या खाली ठेवला. पाणी घातलंच नाही. वाकून त्या काळ्या रेघांवर ओठ टेकवले. गाणारी पोरं मधल्याच ओळीवर थांबली. 

मिस्सानंतर फादर कागदाचं पान घेऊन झाडाशी उभे. "तिसऱ्या फांदीवर लावतो. त्या फांदीचं पान मी दोनाच्या बरोबर धरतो." नियम त्यांनी जागेवरच वाकवला होता. पवननं मान खाली घातली.

दीप्तीनं फादरचा हात धरला. "नका लावू, फादर. मी ते पानासाठीच सुरू केलतं."

"आणि संपवलं कशासाठी?"

"ते मले अजून नाही समजलं."

फादरनी एकदा त्या उघड्या फांदीकडे पाहिलं. मग पान त्यांनी खिशात ठेवलं.

तर शेवटचा हिशेब असा. जबलपूरला पवन गेला, फुकटात. पुनारामनं लाज दिली, जी तो इतकी वर्षं चादरीखाली जपत होता. दीप्तीनं सीट दिली, माईक दिला, एक ओढणी दिली. आणि जिला या झाडाशी, पानाशी, जबलपूरशी काही देणंघेणं नव्हतं, त्या रुख्माबाईची वजरी झिजून निम्मी झाली.

ती तिनं परत मागितली नाही.