जासिंतचं दोदोल

फेबीचे पाहुणे दारात आले तेव्हा रोझा तिसऱ्यांदा कोंबडीच्या शागोतीचं झाकण उघडून बघत होती. शागोतीला काही झालेलं नव्हतं. रोझाच्या हातच्या शागोतीला त्रेपन्न वर्षांत कधी काही झालं नव्हतं, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची. पण आज तिचं लक्ष शागोतीत नव्हतंच. शेजारी ताटात थापून ठेवलेलं तांदूळ-गूळ-नारळाचं दोदोल तिला बघवत नव्हतं.

फेबी तिची सून. मुलगा कॉनरॅड बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. दोन वर्षांपूर्वी सुनेनं हे खूळ काढलं. दर शनिवारी सहा माणसं, सातवं घ्यायचं नाही, आणि त्यांना सावंतवाडी दाखवायची. आधी राजवाडा, तिथे गंजिफाचे पत्ते कसे रंगवतात ते, मग चितारआळीतली लाकडी फळं, मग मोती तलावाच्या कडेनं रमतगमत इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, मागल्या आळीत, आणि शेवटी रोझाच्या घरी जेवण.

"पुण्याची माणसां आमची चूल बघूक येतली?" रोझा तेव्हा म्हणाली होती. "तेंच्या घरात काय चुलीवर देव बसवल्यानी?"

पण माणसं आली. जेवली. "आजी, असं कुठे खाल्लं नाही," म्हणाली. तेव्हापासून रोझा शुक्रवारीच इस्त्रीचा झगा काढून खुर्चीवर टाकायची, आणि वर सुनेलाच ऐकवायची की तुझ्या ह्या पाहुण्यांपायी माझी पाठ मोडली.

गेल्या कोरिज्मात, ईस्टरआधीच्या उपासांत, फेबीची आई गेली, आरोंद्याची जासिंत. परवा फेबी चुलीपाशी येऊन बसली.

"मांय, ह्या शनिवारी शेवटाक दोदोल घालूया. आईचां. माझ्या व्होज्यातलां. तेंका मी ती गजालय सांगतलंय. पण माका जमणा नाय गो, पाच खेपा केलंय. तुमी खाल्लल्यात ना तां? तुमीच करा."

रोझा "हूं" म्हणाली. खवणी घेऊन नारळ खवायला बसली तरी ती त्या "हूं"च्या पुढे गेली नाही.

व्होजं म्हणजे नवरीबरोबर माहेरून येणारी गोडाची टोपली. सासूनं ती फोडायची आणि नवरीच्या आईच्या नावानं वाड्यात घरोघर वाटायची. बावीस वर्षांपूर्वी जासिंतच्या घरून आलेली टोपली रोझानं मागल्या खोलीत दार लावून उघडली. केळीच्या पानांत बांधलेलं दोदोल. रंग विटकरी, हाताला खरखरीत. गुळगुळीत काळंभोर चकाकायला हवं, त्याचं नाव नाही. एक तुकडा तोंडात टाकला आणि खिडकीतून थुंकली.

चाळीस घरांत हे वाटायचं? लोक म्हणतील, कॉनरॅडला कसली भिकारी सोयरीक मिळाली.

तिनं लग्नासाठी स्वतः केलेलं दोदोल डब्यात होतं. ते जासिंतच्याच पानांत बांधलं आणि वाटलं. टोपलीतलं मागच्या दारच्या डुकरीला घातलं. डुकरीनं खाल्लं, हेही रोझा विसरली नव्हती.

पुढच्या रविवारी जासिंत जेवायला आली. आळीतल्या बायका व्हरांड्यात जमल्या होत्या. "विहीणबाय, काय दोदोल केलास! लोणी कसां!" एकीनं उरलेला तुकडा तिच्याच हातावर ठेवला. जासिंतनं तो खाल्ला. सावकाश खाल्ला. मग म्हणाली, "बरां जालां. तुमका आवाडलां तां बरां जालां." त्यानंतर ती या घराची पायरी चढली नाही. नातवंडांच्या बाप्तिस्म्याला इगर्जीत उभी राहिली आणि तिथूनच परतीच्या गाडीला गेली.

रोझानं ठरवून टाकलं होतं की जासिंतला काही कळलं नाही. अडाणी बाई, खाडीकाठच्या खाजणशेतात कमरेपर्यंत चिखलात उभी राहणारी, तिला काय कळणार. बावीस वर्षं हे ठरवलेलं टिकलं होतं.

आज पाहुणे जेवले, बोटं चाटून जेवले. तांदळाची वाफवलेली सान्नां संपली. एक टोपीवाले गृहस्थ "अजून एक" असं तीनदा म्हणाले. मग फेबीनं दोदोलाचं ताट टेबलावर ठेवलं आणि गोष्ट सुरू केली. रोझा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती.

"हे माझ्या आईचं दोदोल," फेबी तिच्या शाळेतल्या मराठीत सांगत होती. "आमच्या घरी दोदोल कधी होत नसे. गूळ, नारळ, एवढं कुठून आणणार? आईनं आयुष्यात एकदाच केलं, माझ्या लग्नात. मलासुद्धा चाखू दिलं नाही. म्हणाली, सासरी वाटल्यावर खा. मी इथेच पहिल्यांदा खाल्लं. या आळीत अजून लोक त्याचं नाव काढतात."

"मग रेसिपी?" स्वप्ना नावाची एक मुलगी होती, तिनं वही काढली.

"नाही मिळाली. मी कितीदा विचारलं. प्रत्येक वेळी म्हणायची, विसरले गो. शेवटच्या दुखण्यात विचारलं, तर हसली. म्हणाली, तुझ्या सासूला विचार. तिला येतं." फेबी डोळे पुसून हसली. "मला बरं वाटलं. दोघी कधी फारशा बोलल्या नाहीत, पण आईनं माझ्या सासूच्या हाताला मानलं."

दाराआड रोझानं चौकट धरली.

म्हणजे जासिंतला कळलं होतं. त्याच रविवारी, पहिल्या घासाला. आणि मुलीच्या संसारात काडी पडू नये म्हणून ती बावीस वर्षं "विसरले" म्हणत राहिली. शिव्या घातल्या असत्या तर रोझानं दुप्पट घातल्या असत्या, भांडण झालं असतं, नाताळापर्यंत मिटलं असतं. ही बाई गप्प राहिली आणि मरताना मुलीला रोझाच्याच दारात पाठवून गेली.

रोझा बाहेर आली.

"तां ताट हाड हंय," ती हात पुढे करून म्हणाली.

"काय झालां, मांय? गूळ कमी पडलो?"

"ह्यां तुझ्या आवशीचां न्हय. ह्यां माझां." मग पाहुण्यांकडे वळून, दुसरीपर्यंतच्या शाळेतलं मराठी गोळा करून ती म्हणाली, "तुम्ही ऐका हो. हे मी केलेलं आहे. तेव्हापण मीच केलेलं होतं."

टोपीवाले म्हणाले, "उत्तम झालंय, आजी!"

"उत्तम जालां म्हणान सांगतंय मी? गप जेवा." मराठी तिथेच संपलं. "हिची आवस खाजणातल्या तांबड्या तांदळाचां दोदोल घेवन इली. मी एक घास खाल्लंय आणि थुकलंय. माझां बांधलंय तिच्या पानांत आणि वाटलंय. तिचां डुकरीक घातलंय. तिका ठावक होतां. समाजलां?"

टोपीवाले हातातला तुकडा खाली ठेवावा की तोंडात घालावा या विचारात तसेच बसले. स्वप्ना हळूच म्हणाली, "हे रेकॉर्ड केलं तर चालेल का?"

"चलात तर," रोझा म्हणाली. "परत सांगूक सांगू नको पण."

फेबीनं मात्र कुणाकडे पाहिलं नाही. तिनं टेबलावरच्या ताटल्या एकात एक रचल्या, सहाच्या सहा. मग तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली, "चला, चहा आपण तलावाकाठी घेऊ. तुमच्या गाडीची वेळ होतेय." आणि सगळ्यांना घेऊन गेली.

दुपारभर रोझा व्हरांड्यात बसून राहिली. तिची तयारी चालली होती. सून ओरडली तर काय म्हणायचं, रडली तर काय, माहेरचं नाव काढून बोलली तर काय. बोट उचलून बोललेल्या शब्दाला उलटा शब्द तिच्याकडे नाही असं आळीत कधी झालं नव्हतं. माफी मागायची असते तेव्हा माणसं नेमकं काय म्हणतात, एवढं मात्र तिला आठवेना.

पाचला फेबी आली. चपला काढल्या, पायरीवर बसली.

"मांय," ती म्हणाली. "कसां होतां तां?"

"काय कसां?"

"चव. आईच्या दोदोलाची. मी चाखूक नाय. तिणा रविवारी खाल्लां तां तुमचां. तिचां खाल्लास ती तुमी एकटीच."

रोझानं तोंड उघडलं.

कुणाच्या कालवणात मीठ चिमूटभर जास्त आहे हे वासावरून सांगणारी बाई. वाड्यातल्या कुठल्या घरचा मसाला किती भाजलाय हे बोटावर घेऊन सांगणारी.

"खारट," ती म्हणाली. "थोडां खारट लागलां. खाजणाच्या तांदळाक तसांच असता."

"आणि?"

"खरखरीत."

"तां तुमच्या हाताक लागलां. तोंडात?"

रोझा झग्यावरची सुरकुती हातानं सारखी करत राहिली.

"बारा वर्सां झाली, बांध फुटलो, खारां पाणी शिरलां," फेबी म्हणाली. "आमच्या खाजणात आता कांदळ वाडलीत. तां भात खंयच मेळणा नाय. मी करूक गेलंय तरी करतलंय कशाचां? म्हणान इचारतंय. गोड किती होतां? माडाचो गूळ होतो का उसाचो? वेलची घातलेली?"

"फेबी, मी थुकलंय गो."

"थुकायच्या आदी तोंडात होतां ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर रोझाला बरं झालं असतं. फेबीनं पिशवीतून वही काढली होती, पाहुण्यांची नावं लिहायची ती, आणि कोरं पान उघडून मांडीवर धरलं होतं.

"आठवा," ती म्हणाली.

रोझानं डोळे मिटले. जीभ टाळ्याला लावली, दातांवरून फिरवली. तिथे सकाळच्या शागोतीतल्या मिऱ्याची चव होती, चहाची होती, आणि सगळ्याखाली तिच्या स्वतःच्या दोदोलाची, तुपकट, गुळगुळीत. त्याखाली काही नव्हतं.

"थांब जरा," ती म्हणाली.

फेबी थांबली.